चौकातले ठिपके आणि चित्रातले दाणे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात संगणकातील बिघाडावर लेख लिहावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमच्या विभागातील सरांनाही ते तसे वाटले. "अगं, वारली विवाहविधींवर लिही. तुझा प्रकल्प त्यावरच आहे ना?" असे ते म्हणाले. मी म्हटले, "सर, प्रकल्पात मी काय चुकले हे या बिघाडानेच मला दाखवले. तेवढे लिहू द्या." सर हसले आणि त्यांनी परवानगी दिली. पुढील मजकुरात काही भाग यंत्राविषयी आहे. तो वाचताना कंटाळा येईल त्यांनी थोडा धीर धरावा, कारण प्रश्न यंत्राचा नसून एका भिंतीचा आहे.

पालघरहून मनोरला जाणारी एस.टी. वाघोबा खिंड ओलांडून खाली उतरली की थोड्याच वेळात सूर्या नदीच्या काठचे मासवण लागते. तेथील एका पाड्यावर माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी गेल्या उन्हाळ्यात लग्न होते. लग्नघरातील आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. 'काढतात' हा आपला शब्द झाला. त्या स्वतः चौक 'लिहितात' असे म्हणतात. मधोमध पालघाट देवी, भोवती चौकोनी नक्षीचे पट्टे, बाहेर झाडे, माणसे, नाच. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, त्यावर गेरूचा हात आणि त्यावर चेचलेल्या काडीने ओढलेल्या पांढऱ्या रेघा व ठिपके. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रे जगभर गेली, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु कागदावर व कापडावर चित्रे येण्यापूर्वी हा चौक होता, आणि तो बायकांच्या हातचा होता. यशोधरा दालमिया यांचे वारली चित्रांवरील १९८८ सालचे पुस्तक वाचल्यापासून असा एक चौक आरंभापासून शेवटपर्यंत पाहावा ही माझी इच्छा होती.

ती पुरी झाली. महाविद्यालयाचा कॅमेरा घेऊन मी दिवसभर त्या खोलीत बसून होते. खोलीला खिडकी नाही. दाराचा उजेड आणि एक मिणमिणता बल्ब, एवढाच प्रकाश. फ्लॅश मारू नको असे घरच्यांनी सांगितले होते, आणि माझ्याही मनातून तो मारावयाचा नव्हता, कारण समोरून पडलेल्या झगझगीत प्रकाशात गिलाव्याचा पोतच नाहीसा होतो. म्हणून आयएसओ ६४०० आणि शटर एका सेकंदाचा तिसावा भाग ठेवून सारी छायाचित्रे हातावरच घेतली. घरी येऊन पडद्यावर पाहते तो प्रत्येक चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे!

हे दाणे येतात कोठून, ते थोडक्यात सांगते. आपल्या मागच्या पिढ्यांनी फिल्मवर छायाचित्रे काढली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म पुष्कळांच्या घरी आली असेल. त्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे खरोखरीचे कण असत. फिल्म जितकी अधिक संवेदनशील तितके ते कण मोठे, आणि चित्र तितके खरखरीत. आताच्या कॅमेऱ्यात चांदी नाही, तरी दाणे आहेतच. विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो मोजणारा सीसीडी कल्पिला. (त्याच वर्षी आपल्या तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. दोन्हींचा संबंध काही नाही, पण बोईसरकरांना साल लक्षात ठेवावयास सोपे!) त्या शोधाबद्दल दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीच्या जागी सीमॉस जातीचा संवेदक असतो, परंतु मूळ काम तेच: लक्षावधी सूक्ष्म वाट्यांत पडणारे प्रकाशकण मोजणे.

प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे पडतात. अंगणात सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडल्या तर पहिल्या भुरभुरीत प्रत्येक वाटीत सारखेच थेंब पडणार नाहीत. सरासरी शंभर कण पडत असतील तर साधारण दहाचा कमीअधिकपणा होतो, म्हणजे दहा टक्के. सरासरी दहा हजार असेल तर कमीअधिकपणा शंभराचा, म्हणजे एकच टक्का. उजेड भरपूर असला की ही खरखर चित्रात बुडून जाते आणि उजेड कमी असला की वर येते. आयएसओ वाढविल्याने उजेड वाढत नाही, फक्त आहे तेवढ्याचा आवाज मोठा होतो. इंग्रजीत या खरखरीला 'नॉईज' म्हणतात, तो शब्द म्हणूनच योग्य वाटतो.

येथे माझी पहिली चूक कबूल करून टाकते. भिंत हलत नाही! तिपाई नेली असती तर आयएसओ २०० ठेवून एक सेकंदाचे चित्र घेता आले असते आणि हा लेख लिहावा लागला नसता. चौक लिहिणारे हात हलतात, त्यांच्यासाठी ६४०० ठीक होते. पण पुरा झालेल्या चौकालाही मी तेच लावले.

विभागाच्या संगणकावर नॉईज कमी करणारे एक सॉफ्टवेअर होते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पहिल्या दिवशी मी साठएक चित्रे त्यातून काढली. प्रत्येकाला अर्धा मिनिट लागे. निकाल सुरेख होता. दुसऱ्या दिवशी संगणक उघडला तेव्हा 'नवी आवृत्ती बसविली आहे' अशी पाटी झळकली. मी ती बंद केली आणि उरलेली चित्रे लावली. एकेका चित्राला चौदा मिनिटे लागू लागली. चिडचिड झाली, पण रात्रभर संगणक चालू ठेवून काम उरकले. पडद्यावर चित्रे आदल्या दिवसापेक्षाही स्वच्छ दिसत होती, म्हणून फार खोलात गेले नाही. पालघरला दोन मोठ्या प्रती छापून घेतल्या आणि मासवणला नेऊन दिल्या.

चौक लिहिणाऱ्यांत मैत्रिणीची काकी प्रमुख होती. तिने प्रत हातात घेतली, दाराशी उजेडात धरली, आणि बराच वेळ पाहून म्हणाली, "ह्यो चौक मी लिवलेला नाय."

मैत्रीण म्हणाली, "काकी, तुझाच आहे. आपल्याच भिंतीचा."

"भिंत आपली. पण हितं बघ. पुसला कोणी?"

तिने कडेच्या पट्ट्यावर बोट ठेवले. भिंतीवर त्या पट्ट्यात दोन रेघांच्या मध्ये ठिपक्यांची दाट ओळ होती. छापील प्रतीत ठिपके मधूनमधून होते, मधूनमधून नुसताच गुळगुळीत गेरू. एका कोपऱ्यात लिहिताना तिचा हात घसरून फराटा उमटला होता, तोही नाहीसा झालेला. जी गोष्ट मला दोन दिवस मोठ्या पडद्यावर दिसली नाही ती तिला दाराशी उभ्याउभ्या दिसली. मला फार लाज वाटली. प्रकल्पाच्या प्रस्तावात मी 'यथातथ्य नोंद' असे मोठ्या ऐटीत लिहिले होते.

परत येऊन बिघाड शोधावयास बसले. पहिले दोन दिवस मी जे केले ते कोणी करू नये. एकदम चार गोष्टी बदलावयाच्या, चित्र पुन्हा काढावयाचे, आणि बरे दिसले की कशामुळे बरे झाले ते कळतच नाही. विज्ञान शाखेच्या एका प्राध्यापकांनी मला थांबविले. ते म्हणाले, "एकच चित्र घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि 'बरे दिसते' असे लिहू नका, काहीतरी मोजा." आमच्याकडे मोजण्याजोगे होतेच. काकीने बोट ठेवलेल्या पट्ट्याचा हातभर तुकडा मी ठरविला. मूळ, काहीही न केलेल्या चित्रात तो मोठा करून ठिपके मोजले. ८४ भरले. सुदैवाने हेच चित्र मी अपडेटच्या आदल्या दिवशीही सॉफ्टवेअरमधून काढले होते. त्यात ८१ होते. अपडेटनंतरच्या प्रतीत ५१. म्हणजे दोष आता डोळ्यांचा राहिला नाही, आकड्यांत आला.

प्रथम वेग पाहिला. चौदा मिनिटांचे कारण साधे निघाले. असले सॉफ्टवेअर आपले गणित संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर करते. नव्या आवृत्तीला त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर हवा होता. आमचा जुना असल्यामुळे तिने निमूटपणे सारा भार मुख्य प्रोसेसरवर टाकला होता. सेटिंगमध्ये तसे लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. कार्ड करणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर बसविला, संगणक बंद करून चालू केला, वेळ पुन्हा अर्ध्या मिनिटावर आला. ठिपके मोजले तर ५१ च! मला वाटत होते की दोन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या असतील. नव्हत्या. अपडेटनंतर दोन गोष्टी एकदम बिघडल्या म्हणजे त्यांचे मूळ एकच असले पाहिजे असे नाही, आणि सोपी असेल ती आधी वेगळी काढावी हे बरे.

दुसरे, 'ऑटो'. अपडेटने माझी सारी सेटिंगे पुसून मूळपदावर आणली होती, आणि मूळपदावर जोर किती लावावयाचा हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवीत होते. ते बंद करून माझा जुना आकडा ३५ घातला. ठिपके ६२ झाले. सुधारणा झाली, पण ८१ का नाहीत? येथे एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या आवृत्तीतील ३५ आणि नव्यातील ३५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पट्टी तीच दिसते, तिच्या मागचे यंत्र बदललेले असते.

तिसरे कारण सापडावयास दोन संध्याकाळी गेल्या. कॅमेऱ्याची रॉ फाईल उघडणारे जे सॉफ्टवेअर होते, त्याचीही सेटिंगे त्याच वेळी मूळपदावर गेली होती, आणि मूळपदावर ते आयएसओ पाहून आपणहून थोडा नॉईज काढीत होते. म्हणजे चित्र दोनदा धुतले जात होते, एकदा नकळत आणि एकदा माझ्या हाताने. पहिली धुलाई बंद केली. ठिपके ७३. शिवाय यानंतर मी चित्र धारदार करण्याची क्रिया नेहमी शेवटी ठेवू लागले. आधी केली तर नॉईजचे दाणेच धारदार होतात आणि पुढच्या सॉफ्टवेअरला ते चित्राचा भाग वाटतात.

राहिले उरलेले. नव्या आवृत्तीबरोबर काय बदलले याची जी टिपणी येते ती मी अखेर बसून वाचली. (ती सर्वांत आधी वाचावयाची असते.) चित्र साफ करण्याचे नवे 'मॉडेल' त्यात घातले होते, आणि जुने मॉडेल यादीत खाली, तसेच ठेवलेले होते. ते निवडले. ठिपके ८२.

मॉडेल म्हणजे काय, हे समजल्याशिवाय ठिपके का गेले ते कळत नाही. जुन्या पद्धतीत शेजारच्या बिंदूंची सरासरी काढीत. खरखर जाई, पण रेघाही फिसकटत. २००५ साली बुआदेस, कोल व मोरेल या तिघांनी एक युक्ती मांडली. शेजारी न पाहता चित्रभर सारखे दिसणारे तुकडे शोधावेत आणि त्यांची सरासरी काढावी. गेल्या दहाएक वर्षांत त्याहून निराळी रीत आली आहे. संगणकाला एकाच दृश्याच्या खरखरीत व स्वच्छ अशा असंख्य जोड्या दाखवितात, आणि खरखरीतावरून स्वच्छ कसे असेल ते ओळखावयास शिकवितात. शिकलेले यंत्र फार हुशारीने ओळखते. परंतु ते ओळखते म्हणजे अंदाज करते. त्याने पाहिलेल्या बहुतेक भिंती गुळगुळीत असणार. गेरूच्या काळपट भिंतीवर दोन-तीन बिंदूंएवढा, वेडावाकडा, अंतरे कमीजास्त असलेला पांढरा ठिपका त्याला दिसला, तर तो नॉईजचा दाणा समजणे त्याच्या दृष्टीने वाजवीच आहे. ठिपका आणि दाणा यांत फरक इतकाच की ठिपका कोणीतरी ठेवलेला असतो. हे यंत्राला कळावे कसे? सरळ, लांब रेघा मात्र त्याने एकही खोडली नाही, उलट काडीच्या रेघेचा तुटक खरखरीतपणा भरून काढून ती रंगाच्या ब्रशाने ओढल्यासारखी केली. ते पाहून मला ठिपके गेल्यापेक्षाही अधिक वाईट वाटले.

त्याच तिघा संशोधकांनी सांगितलेली एक परीक्षा सर्वांना उपयोगी पडेल. आपण सहसा साफ केलेले चित्र पाहतो. त्याऐवजी जे काढून टाकले ते पाहावे. मूळ चित्रावर साफ चित्र ठेवून दोहोंची वजाबाकी करावयाची आणि उरलेले उजळवून पाहावयाचे. चित्रे संपादित करण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थरांची 'डिफरन्स' ही सोय असते, तीच ही. नुसता नॉईज निघाला असेल तर उरलेल्यात विसकटलेल्या वाळूशिवाय काही दिसू नये. मी नव्या मॉडेलची वजाबाकी उजळविली आणि गप्प बसले. काळ्या पडद्यावर चौकाची कड स्वच्छ उभी होती, ठिपक्यांची ओळ, कोपऱ्यातला फराटाही. काकीने विचारले होते ना, पुसला कोणी? पुसलेले सारे तेथे होते.

या परीक्षेमुळे आणखी एक मार्ग सापडला. उरलेल्या वाळूत लाल, हिरवे, निळे दाणे पुष्कळ होते. संवेदकाच्या वाट्यांवर रंगीत काचांची जाळी असते, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी १९७६ साली तिचे पेटंट घेतले. प्रत्येक वाटी एकच रंग मोजते आणि उरलेले दोन शेजारच्यांवरून भरले जातात, म्हणून कमी उजेडात रंगाचे खोटे शिंतोडे उडतात. आमच्या चौकात रंग दोनच, गेरू आणि पांढरा, आणि ठिपक्याची ओळख उजळपणाने पटते, रंगाने नव्हे. तेव्हा रंगाचा नॉईज काढण्याची पट्टी बिनधास्त वर नेली आणि उजळपणाची अगदी खाली ठेवली. एवढ्यानेच निम्मी खरखर डोळ्यांआड झाली आणि ठिपका एकही गेला नाही. 'डार्कटेबल' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअरही मी साक्षीदार म्हणून लावले. त्यातील नॉईज काढण्याची एक रीत कॅमेऱ्याच्या मोजलेल्या खरखरीवर चालते, दुसरी चित्रे पाहून शिकलेली नसते. त्याचा निकाल तितका सुरेख नसतो, पण ते कल्पना लढवीत नाही.

पुरा चौक मात्र मला याहूनही चांगला मिळाला, आणि तो माझ्या दुसऱ्या चुकीमुळे. कॅमेरा दिवसभर चुकून सलग चित्रे घेण्याच्या खुणेवर राहिला होता, त्यामुळे एकदा बटण दाबले की चार चित्रे निघत. कार्ड भरले म्हणून तेव्हा मी वैतागले होते. एकाच दृश्याची चार चित्रे एकावर एक जुळवून सरासरी काढली की नॉईज निम्मा होतो, सोळांनी पाव. कारण नॉईज दर चित्रात निराळा पडतो आणि भिंत तीच राहते. येथे कसलाही अंदाज नाही. चार साक्षीदारांचे जबाब पडताळून पाहावे तसेच हे. ही चार चित्रे जुळविल्यावर ठरलेल्या तुकड्यात ८६ ठिपके निघाले. म्हणजे माझी मूळची ८४ ही मोजणीही खरी नव्हती! मी नॉईजचे दोन दाणे ठिपके म्हणून मोजले होते, आणि खरे चार ठिपके दाण्यांत लपले होते. यंत्राला नावे ठेवताना मीही दोन्हीकडून फसले होते, हे सांगितले पाहिजे. चौक लिहिणाऱ्या हातांच्या चित्रांना ही युक्ती चालत नाही. हात हलतो, सरासरीत त्याचे भूत होते. ती चित्रे मी फक्त रंगाचा नॉईज काढून, खरखरीसह ठेवली आहेत.

माझ्यासारखे कोणी अडकले तर उपयोगी पडावे म्हणून काही बारीक गोष्टी येथेच सांगून टाकते. मूळ रॉ फाईल कधीही बदलू नये आणि तिची एक प्रत दुसऱ्या जागी असावी. माझे सारे वाचले ते एवढ्याचमुळे. जेपेगवर प्रयोग करू नयेत, तीत कॅमेऱ्याने आधीच आपला हात फिरविलेला असतो. नवी आवृत्ती उघडतच नसेल किंवा विचित्र वागत असेल तर सेटिंगच्या फोल्डरचे नाव बदलून पाहावे; सॉफ्टवेअर नवे कोरे फोल्डर करते, आणि जुने पाहिजे तर परत लावता येते. इंटरनेट मध्येच तुटले तर मॉडेलची फाईल अर्धवट उतरते, तेव्हा तिचा आकारही पाहावा. आणि साफ केलेल्या प्रत्येक चित्राबरोबर आवृत्तीचा क्रमांक, मॉडेल व आकडे लिहून ठेवावेत. मी आधी ठेवले नव्हते. पहिल्या दिवशीच्या साठांपैकी काहींचा हिशेब मला आजही नीट देता येत नाही, आणि प्रकल्पाच्या अहवालात ती चित्रे मी वापरलेली नाहीत.

पावसाळ्यापूर्वी नवी प्रत घेऊन मी पुन्हा मासवणला गेले. आतल्या भिंतीवरचा चौक तोवर धुराने बराच काळवंडला होता, खालच्या कडेला लहान मुलांचे हातही लागले होते. काकी लाकडे रचीत होती. तिने हात पदराला पुसले, प्रत दाराशी नेली आणि कडेच्या पट्ट्यावरून बोट फिरवीत गेली. कोपऱ्यात थांबली. फराट्यावर बोट ठेवून मैत्रिणीकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हां, हितं तू मला हाक मारली होतीस."

मैत्रिणीला ते आठवत नव्हते. मला आठवत होते. हळदीचे ताट कोठे ठेवू असे तिने दारातून विचारले होते.

विभागाच्या संगणकावरील आपोआप अपडेट होण्याची सोय सध्या बंद ठेवली आहे. जुन्या आवृत्तीची फाईल एका पेन ड्राइव्हवर घालून, वर चिठ्ठी लावून, कपाटाच्या दुसऱ्या खणात ठेवली आहे. किल्ली सरांकडे मिळेल.